सांडपाणी बंद झालं, तरी तलाव हिरवा का? उष्णतेमुळे की जुन्या खतामुळे?

काठावरची यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी घराजवळच्या तलावाची वही ठेवते आहे. दर रविवारी सकाळी त्याच धक्क्यावरून तीच तबकडी पाण्यात सोडायची. वीतभर रुंदीची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची. दिसेनाशी झाली की दोरीवरच्या गाठी मोजायच्या, थर्मामीटर हातभर खोल धरायचा आणि दोन्ही आकडे लिहून घरी यायचं. मी शास्त्रज्ञ नाही, भूगोल शिकवायचे. पण वही एकदाही चुकवलेली नाही, तापातही कुणाला तरी पाठवलं आहे.

सहा वर्षांपूर्वी काठावरच्या वस्तीचं सांडपाणी तलावात जाणं थांबलं. त्यासाठी आम्ही काही जणांनी पुष्कळ हेलपाटे घातले होते. वाटलं होतं, दोन उन्हाळ्यांत पाणी निवळेल. पहिल्या वर्षी तबकडी खरंच दोन गाठी जास्त खोल दिसली. मग पुन्हा पहिले पाढे. आता तर हिरवा थर पूर्वीपेक्षा तीन-चार आठवडे आधी येतो आणि जायचं नाव घेत नाही.

गेल्या रविवारचं सांगते. वारा पूर्ण पडला होता. धक्क्याच्या कडेला पाण्यावर कुणी तैलरंग ओतल्यासारखी जाड साय धरली होती. बोट बुडवलं तर टाचणीच्या डोक्याएवढे आणि त्याहून बारीक हिरवे कण बोटाला चिकटले. दुपारी वारा सुटला तशी साय गायब, पाणी नुसतं हिरवट गढूळ. सोमवारी पहाटे पाहते तर साय पुन्हा जागच्या जागी.

आमच्यातलेच एक जण आता म्हणतात, "हा सगळा तापमानवाढीचा परिणाम, सांडपाण्याचा संबंधच नव्हता, तुमची धडपड वाया गेली." मला हे फार लागलं आहे. समजूत नको, खरं काय ते हवं. माझ्या वहीत पाण्याचं तापमानही वाढलेलं दिसतंय, म्हणून विचारते.

---

उन्हाळी यांचं उत्तर:

मला तरी तुमच्या त्या सहकाऱ्यांचं पटतं. जगभरच्या २३५ तलावांच्या नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये एक अभ्यास आला होता. १९८५ ते २००९ या काळात उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं पाणी सरासरीने दर दशकाला ०.३४ अंश तापलं होतं. खत येणं बंद होऊनही शेवाळ वाढत असेल, तर बदललेली गोष्ट एकच उरते, तापमान.

---

भिंगाखाली यांचं उत्तर:

काठावरची ताई, सत्तावीस वर्षं मी तलावांच्या पाण्याचे नमुने तपासले. बहुतेक काम म्हणजे काचपट्टीवर शैवालाच्या पेशी मोजणं. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, उत्तर लांबणार आहे.

उन्हाळींनी दिलेला आकडा बरोबर आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. शेवाळ उष्णतेवर जगत नाही, ते स्फुरदावर (फॉस्फरसवर) आणि नत्रावर (नायट्रोजनवर) जगतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखलेले तलाव आहेत. त्यातल्या २२६ क्रमांकाच्या तलावात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्या बाजूला तेच, शिवाय स्फुरद. ऊन तेच, वारा तोच, पाऊस तोच. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली, दुसरी काळसर स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वर्गात कुणीच काही बोललं नव्हतं. एक किलो स्फुरदातून सुमारे पाचशे किलो ओलं शैवाल उभं राहू शकतं, असा हिशेब तेव्हापासून सांगितला जातो. सांडपाण्यातून येतो तो हाच स्फुरद. म्हणून सांडपाण्याचा संबंध नव्हता, हे डोक्यातून काढून टाका.

आता उष्णता काय करते ते बघू. ती शैवालाची शिदोरी आणत नाही. ती शिदोरी कुणाच्या हाती पडणार आणि किती दिवस पुरणार, हे बदलते.

पहिलं, थर. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं आणि पुढे तापेल तसं हलकं होत जातं, पण सारख्या प्रमाणात नाही. पाच अंशांवरून सहावर गेल्याने जेवढा फरक पडतो, त्याच्या दहापट फरक पंचवीसवरून सव्वीसवर गेल्याने पडतो. म्हणजे आधीच तापलेल्या तलावात एक अंश वाढला तरी वरचं पाणी खालच्यापासून चांगलंच तुटतं. वाऱ्याला ते घुसळून एक करणं जड जातं. वर गरम झाकण, खाली गार आणि बंद पाणी, अशी स्थिती जास्त आठवडे टिकते.

घुसळण थांबली की डायटमसारखी शैवालं मार खातात. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्या जातीचं, जड असतं. पाणी हलत असेल तर ती तरंगत राहतात, नाहीतर खाली जातात. त्यात गरम पाणी पातळही असतं. दहा अंशांच्या पाण्यापेक्षा तीस अंशांचं पाणी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी चिकट. जड पेशी त्यात आणखी लवकर बुडते. मात्र हवेची पिशवी असलेली पेशी त्याच पाण्यात आणखी लवकर वर येते.

ही पिशवी असते नीलहरित शैवालाकडे, म्हणजे सायनोबॅक्टेरियाकडे. शैवाल म्हणायची सवय आहे, पण ते खरं तर जिवाणू. तुमच्या बोटाला लागलेले कण मला मायक्रोसिस्टिसच्या वसाहती वाटतात, म्हणजे शेकडो गोल पेशी एका बुळबुळीत आवरणात. भिंगाखाली प्रत्येक पेशीत काळपट ठिपके दिसतात, तेच वायूचे कप्पे. एरवी स्थिर हाताने मोजणारी मी, या वसाहती मोजताना मात्र नेहमी थकायचे. त्या एकमेकींवर चढून बसतात आणि पट्टीवरच्या चौकटीत मावत नाहीत.

तुमची साय सकाळी येते याचं कारणही इथेच आहे. दिवसभर उन्हात पेशी शर्करा साठवतात, जड होतात आणि थोड्या खाली जातात. रात्री ती शर्करा खर्च होते, पेशी हलक्या होतात. वारा नसेल तर पहाटेपर्यंत सगळ्या वसाहती वर येऊन ठाकतात. दुपारचा वारा त्यांना पुन्हा कालवतो. म्हणजे सोमवारी आलेली साय नवी उगवलेली नव्हती. तेच शैवाल, फक्त एका पातळीवर गोळा झालेलं. वहीत हे जरूर लिहा, कारण एका सकाळच्या सायीवरून किती शैवाल वाढलं ते ठरवता येत नाही.

त्यातून यांच्या बऱ्याच जातींना पंचवीस अंशांच्या वरचं पाणी मानवतं. इतर शैवालांची वाढ तिथे मंदावू लागते, यांची नाही.

आणि आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते. सांडपाणी बंद झालं, पण वर्षानुवर्षं आलेला स्फुरद गेला कुठे? तो तळाच्या गाळात आहे. गाळात लोखंडाचा गंज असतो, स्फुरद त्याला चिकटून बसतो. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन आहे तोवर तो तिथेच राहतो. ऑक्सिजन संपला की गंजातलं लोखंड विरघळतं आणि स्फुरदाची सुटका होते. तळाचा ऑक्सिजन का संपतो? वरून मेलेलं शैवाल खाली पडतं, ते कुजताना ऑक्सिजन खातं, आणि वरच्या गरम झाकणामुळे नवा ऑक्सिजन खाली पोचत नाही. गाळ जितका गरम, तितकं कुजणं जोरात. बाहेरचा नळ तुम्ही बंद केलात, पण आतली टाकी भरलेली आहे आणि उष्णता तिची तोटी सोडते. तुमच्या वहीतले दोन्ही आकडे इथे एकत्र येतात.

म्हणून "उष्णता की खत" असा प्रश्न करून उत्तर मिळणार नाही. बाहेरून येणारं खत कमी केलेल्या ३५ तलावांचा आढावा २००५ मध्ये घेतला गेला होता. पाण्यातल्या स्फुरदाला नव्या पातळीवर स्थिरावायला साधारण दहा ते पंधरा वर्षं लागल्याचं त्यात दिसलं. तुमची सहाच झाली आहेत.

---

उन्हाळी यांचं उत्तर:

शांतपणे समजावलंत, आभार. एक शंका राहते. समजा खत अजिबातच नाही आणि पाणी फक्त तापत गेलं. तरी शेवाळ वाढेलच ना?

---

भिंगाखाली यांचं उत्तर:

नाही. उलटही होऊ शकतं. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचं उदाहरण बघा. ते फार खोल आणि पोषकद्रव्यं तळाशी कोंडलेली. पाणी तापल्याने वरखाली होणारी घुसळण मंदावली, तळचं खाद्य वर येईना, आणि शैवालाची वाढ घटली. २००३ मध्ये आलेल्या अभ्यासात ही घट सुमारे २० टक्के असावी असा अंदाज होता. तिथे काळजी शेवाळ माजण्याची नव्हती, माशांना खायला कमी पडण्याची होती.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक सरोवराचं निराळंच. तिथे स्फुरद खूप कमी केला गेला, तरी प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स ही लालसर जात टिकून आहे. कडक हिवाळ्यात पाणी खोलवर घुसळलं जायचं, पेशी खाली ओढल्या जायच्या आणि पाण्याच्या दाबाने त्यांचे वायूचे कप्पे फुटायचे. हिवाळे सौम्य झाले तशी ही घुसळण अपुरी पडू लागली. हे वाचल्यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होते. आपण हिवाळ्याचा विचारच करत नाही, सगळं लक्ष उन्हाळ्याकडे.

आणि अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं सुपीरियर सरोवर, इतकं थंड आणि इतकं निर्मळ, तिथेही २०१२ आणि २०१८ च्या उन्हाळ्यात काठाशी नीलहरित शैवाल फुललं. दोन्ही वेळा आधी मुसळधार पाऊस होऊन जमिनीवरची माती आणि पोषकद्रव्यं वाहून आली होती. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, अंशाला सुमारे सात टक्के, आणि पाऊस दणकून कोसळतो. त्यामुळे ताईंना मीही एक विचारते: सांडपाणी बंद झालं, पण ओढ्यांनी येणारं शेतातलं पाणी? त्याच सीमेवरचं ईरी सरोवर सत्तरच्या दशकात सांडपाण्यातला स्फुरद आवरल्यावर सुधारलं होतं. नव्वदीच्या मध्यापासून शेतांतून येणाऱ्या विरघळलेल्या स्फुरदाने ते पुन्हा हिरवं केलं.

---

तुरटीवाला यांचं उत्तर:

मी पाणी शुद्धीकरण केंद्रात पाळी करतो, तेवढ्यापुरतंच बोलतो.

ताई, कृपा करून ती साय उघड्या हाताने हाताळू नका. मुलांना आणि जनावरांना त्या कडेला जाऊ देऊ नका. मायक्रोसिस्टिसच्या काही वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचं यकृतावर घाव घालणारं विष असतं. डोळ्यांनी बघून विषारी की बिनविषारी ते ओळखता येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे.

आणि पाणी उकळून हे विष जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरात चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, तेव्हा उकळूही नका असं मुद्दाम बजावलं होतं. चीनमध्ये ताइहू सरोवरावर २००७ च्या मे महिन्यात असंच झालं. वूशी शहरातल्या सुमारे वीस लाख लोकांचं पिण्याचं पाणी गेलं.

दुसरं, कुणी ना कुणी मोरचूद टाकायचा सल्ला देईलच. आमच्याकडेही एकदा एका साठवण तळ्यात टाकला होता, मी तेव्हा नवा होतो. दोन दिवसांत पाणी निवळलं, सगळे खूश. आठवड्याने मासे पोट वर करून तरंगायला लागले. शैवाल मेलं, पेशी फुटल्या, आतलं विष पाण्यात मोकळं झालं. कुजणाऱ्या ढिगाने ऑक्सिजन ओढून घेतला. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: दहा अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, तीस अंशांना जेमतेम साडेसात. पुढच्या महिन्यात तळं पुन्हा हिरवं. ते मासे बाहेर काढायचं काम मी केलं आहे, म्हणून सांगतो.

---

काठावरची यांचं उत्तर:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. उन्हाळी, तुमच्यावर राग नाही. तुम्ही शंका विचारलीत म्हणून टांगानिकाचं कळलं.

शेतांबद्दल विचारलंत ताई, तर हो. दोन ओढे येतात आणि पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर त्यांचं पाणी तांबूस असतं. वही उलटून पाहिली. अशा सरीनंतर दोन-तीन आठवड्यांनी तबकडी लवकर दिसेनाशी होते, असं पाच वर्षं तरी आढळलं. हे इतकी वर्षं माझ्याच अक्षरात समोर होतं आणि मी जोडून पाहिलं नव्हतं.

रबरी हातमोजे घालून काचेच्या बाटलीत पाणी आणलं आणि रात्रभर न हलवता ठेवलं. सकाळी वर बोटभर हिरवी कड आणि खाली जवळजवळ स्वच्छ पाणी. याचा अर्थ तुम्ही सांगितलंत तोच ना?

---

भिंगाखाली यांचं उत्तर:

तोच. वर तरंगलं म्हणजे बहुधा नीलहरित. साधं हिरवं शैवाल खाली बसलं असतं किंवा पाण्यात पसरून राहिलं असतं. नेमकी जात भिंगाखालीच ठरेल आणि विषाची चाचणी प्रयोगशाळेतच होईल, पण तुमच्या वहीसाठी ही बाटली दर रविवारी भरत जा.

आता एक काम सुचवते. नाववाल्या कुणाला तरी सोबत घ्या, जीवरक्षक जाकीट घाला आणि तलावाच्या सर्वांत खोल जागी जा. बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी. तळाशी पोचल्यावर बूच ओढा. वर आणल्या आणल्या आधी तापमान घ्या, मग बाटलीच्या तोंडावरून हाताने हवा आपल्याकडे ओढून वास बघा. कुजलेल्या अंड्यांसारखा वास आला, तर तळाशी ऑक्सिजन संपला आहे आणि गाळ स्फुरद सोडत असणार.

गाळातला स्फुरद बांधून ठेवायला काही तलावांत तुरटीसारखे अॅल्युमिनियमचे क्षार वापरतात आणि ते लागूही पडतं. पण बाहेरून येणारं आवरल्याशिवाय वापरलं तर नवा गाळ वर साचतो आणि खर्च पाण्यात जातो. तुमच्या तलावात निदान वस्तीकडचं दार बंद झालेलं आहे. ते बंद नसतं तर आज याच उष्णतेत या तलावाचं काय झालं असतं, याचा विचार तुमच्या त्या सहकाऱ्यांना करायला सांगा.

---

काठावरची यांचं उत्तर:

काल जाऊन आले. साडेसात मीटर खोली लागली. वर २८ अंश, तळाशी २१. बूच काढताच वास आला, बघावा लागला नाही. नाव वल्हवणारे गृहस्थ म्हणाले, बाई, हे पाणी खालून आणलंत का दुसऱ्या कुठून?

त्या सहकाऱ्यांनाही नावेत बसवून नेलं होतं. त्यांनी बाटली हातात घेतली, वास घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ओढ्यांवर नमुने घ्यायचे असतील तर वरचा ओढा माझ्याकडे द्या.

आता दर मीटरवर तापमान घ्यायचं आहे, म्हणजे ते झाकण नेमकं किती खोलीवर बसलंय ते कळेल. दोरीला नव्या गाठी मारून ठेवल्या आहेत.